मनगट मुरगळलंय, एक्स-रे नॉर्मल, तरी दुखतंय (बडोदा)

रावपुऱ्याची
वासी उत्तरायणला (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी) संध्याकाळी धाब्यावर नवऱ्याच्या पतंगाची फिरकी धरून मागेमागे सरकत होते. टाकीच्या पाइपात पाय अडकला आणि उजव्या तळहातावर पडले. त्याच रात्री एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा, गोळ्या घ्या. सूज उतरली. पण आता जानेवारी संपत आला तरी बाटलीचं झाकण उघडताना, कणीक मळताना, फडकं पिळताना अंगठ्याच्या बाजूला कळ येते. शाळेत फळ्यावर लिहिणं बंदच आहे, मुलं खूश आहेत.

घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात, दांडिया बाजारात आखाड्यात दाखवून ये. नवरा म्हणतो, हात हलवूच नकोस. शेजारच्या बेन रोज सकाळी तिळाचं तेल घेऊन मालिश करायला दारात हजर. रथसप्तमीच्या आत हळदीकुंकूही उरकायचंय. बर्फ लावू की शेक देऊ? पट्टा किती दिवस? व्यायाम कधी सुरू करायचा? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.

फिरकीबहाद्दर
ताई, आधी हे सांगा, पेच कोणी जिंकला?

गंमत सोडा. माझं मनगट दर उत्तरायणला धरतं, दिवसभर ठुमके मारून. दोन-चार दिवसांत आपोआप उतरतं. तुमचं तसलं वाटत नाही, तुम्ही पडलाय.

आंबेहळद
आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप. त्यात तुरटीची लाही करून चिमूटभर. रात्री लावायचा, सकाळी धुवायचा. आमच्या माहेरी मुरगळलेल्यावर दुसरं काही केलेलं आठवत नाही. लेप वाळताना ओढल्यासारखं होतं, त्यातच निम्मं दुखणं जातं.

कारेलीबाग फिजिओ
लेपाबद्दल नंतर बोलू. मालिश मात्र आजपासून बंद. शेजारच्या बेनना चहा पाजा आणि प्रेमाने परत पाठवा.

आता एक करा. हात टेबलावर ठेवा, करंगळी खाली, अंगठा वर. अंगठा छताकडे ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा पुढे, दोन ताठ दोऱ्यांच्या मधे एक खळगा दिसेल. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या खळग्यात दाबा. मग डाव्या हातावर तेच करा आणि फरक सांगा. डाव्या हातालाही तिथे थोडं दुखतंच, म्हणून तुलना हवी. शिवाय अंगठा धरून मनगटाच्या दिशेने आत ढकलल्यावर दुखतं का, तेही पाहा.

दुखतंय कुठे हे कळल्याशिवाय बर्फ, शेक, पट्टा या कशालाच अर्थ नाही. मनगटात आठ लहान हाडं, त्यांना बांधून ठेवणारे कितीतरी लिगामेंट आणि वरून-खालून जाणारे स्नायूंचे कंडरे. लिगामेंटला इजा झाली की सांधा डळमळीत वाटतो, कंडऱ्याला झाली की ठराविक हालचालीला कळ येते. आणि हाड चिरलं असेल तर तिसरीच गोष्ट. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, सुजतातही सारखीच.

रावपुऱ्याची
करून पाहिलं. डाव्या हाताला काही नाही. उजवीकडे त्या खळग्यात दाबलं तर डोळ्यांत पाणी आलं. अंगठा ढकलल्यावरही दुखतं. घाबरवू नका हो.

कारेलीबाग फिजिओ
घाबरवत नाही, पण हे सोडूनही देता येणार नाही. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड आहे, काजूएवढं आणि साधारण काजूच्याच आकाराचं. तळहातावर पडलं की मनगटातल्या लहान हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच. आणि पंचाईत अशी की त्याची बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून त्या खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी अंगठ्यासह पट्टा किंवा प्लास्टर घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. तोवर चिरेच्या कडेचं हाड थोडं झिजतं, मग रेघ दिसते. एमआरआय केला तर आधीही कळतं.

एवढी काळजी का, तर या हाडाला रक्त येतं मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आणि ते उलटं मागे, कोपराकडच्या टोकापर्यंत जातं. मधे चीर पडली तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. असं हाड जुळत नाही, कधी मागचा तुकडा मरतो, आणि काही वर्षांनी मनगटाची झीज होते. पट्ट्यावर बरं होणारं दुखणं मग ऑपरेशनवर जातं.

तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ते निघत नाही. पण उद्या ऑर्थोपेडिककडे जा, खळग्यात दुखतंय हे स्वतःहून सांगा आणि फोटो पुन्हा काढायला लावा. खाजगीत नको असेल तर सयाजी हॉस्पिटलची ओपीडी आहे. सकाळी लवकर गेलेलं बरं, रांग मोठी असते.

दांडियाबाजारकर काका
फिजिओबाईंचं बरोबर आहे, पण आखाड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी लाठी, मल्लखांब, कुस्ती शिकवली, तशीच हाडं बसवायची विद्याही जोपासली. बडोद्यातली जुनी घरं उगीच तिथे जात नव्हती. त्या काळी पोराचा खांदा निखळला की घरचे सरळ तिकडे नेत. आमच्या लहानपणी जे वस्ताद होते, ते हात लावायच्या आधी बोटांनी इतका वेळ चाचपत की आम्हाला वाटायचं, झोप लागली यांना. आणि हाड मोडलंय असं वाटलं तर स्वतःच म्हणत, सयाजीत जा, फोटो काढ, मग ये.

माझी तक्रार वेगळी आहे. आता गल्लोगल्ली जे 'हाडवैद्य' बसलेत आणि पहिल्याच झटक्यात कट्ट करून हात ओढतात, त्यांना आखाड्याची विद्या म्हणू नका. खळग्यात दुखत असताना कोणी असा हात ओढला तर काय होईल, ते वरच्या पोस्टमध्ये आलंच आहे.

फिरकीबहाद्दर
काका, आमच्या पोळात (गल्लीत) एक पायाळू आजोबा होते. उसण भरली की लोक त्यांच्याकडून पाय लावून घ्यायचे. मनगटाला लावतात का विचारायला हवं होतं.

व्यवस्थापक
उसण, पायाळू आणि आजोबा यांच्यासाठी गप्पांचा धागा आहे. इथे मनगट.

गोत्रीचा कोडर
मनगटच, पण माझं थोडं निराळं. पडलो वगैरे नाही. दिवसभर लॅपटॉप, रात्री फोन. पहाटे हात मुंग्या येऊन बधिर होतो, झटकला की बरं वाटतं. ऑफिसात सगळे म्हणतात माउस बदल. उभा माउस घेतला, फार फरक नाही.

कारेलीबाग फिजिओ
कोणती बोटं बधिर होतात? अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल आणि करंगळी सुटत असेल तर मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब येतोय, म्हणजे कार्पल टनेल. रात्री आपण मनगट दुमडून झोपतो, म्हणून पहाटे जास्त. यावर पहिला उपाय स्वस्त आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री घालून झोपायचं, काही आठवडे. मेडिकलच्या दुकानातल्या तयार पट्ट्यात धातूची पट्टी असते, ती बऱ्याचदा मनगट मागे वाकवते. काढून हाताने सरळ करून घ्या.

साखर आणि थायरॉइड तपासा. हसू नका, या दोन्हींमुळे कार्पल टनेल होतं आणि कधी कधी त्यावरूनच डायबेटिस असल्याचं कळतं. गरोदरपणातही होतं, बाळंतपणानंतर बहुधा जातं. अंगठ्याखालची गादी सपाट होऊ लागली किंवा हातातून वस्तू पडू लागल्या तर थांबू नका, नसेची तपासणी करून घ्या.

मांजलपूरची नवी आई
बाळ तीन महिन्यांचं. काखेत हात घालून उचललं की अंगठ्याकडून कोपरापर्यंत कळ जाते. आई म्हणते बाळंतपणाचा वारा लागलाय, डोकं-कान बांधून बस. मला तो खळगा दुखत नाही, त्याच्या जरा वर, मनगटाच्या कडेला दुखतं आणि तिथे सुजल्यासारखं आहे.

कारेलीबाग फिजिओ
अंगठा मुठीत आत घ्या आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. किंचाळलात तर डी क्वेर्व्हेन. स्वित्झर्लंडच्या सर्जनचं नाव आहे, १८९५ सालापासून पुस्तकांत आहे, तुमच्या आईच्या वाऱ्याइतकं जुनं नसलं तरी. अंगठा उचलणारे दोन कंडरे एका अरुंद म्यानातून जातात, ते म्यान जाड होतं. नव्या आयांना इतकं होतं की आम्ही पत्ता न विचारता ओळखतो.

बाळाला उचलायची पद्धत बदला. अंगठे वर करून काखेत हात घालू नका. एक हात बुडाखाली, एक पाठीखाली, तळवे वर, बाळ छातीशी आणून मग उठा. अंगठा धरून ठेवणारा पट्टा लावा. एवढ्याने नाही भागलं तर त्या म्यानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, चांगला गुण येतो. डायबेटिस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काही दिवस साखर वर जाते. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. बाकी कान बांधायला हरकत नाही, थंडी आहेच.

मांजलपूरची नवी आई
किंचाळले. सासरे धावत आले. धन्यवाद.

आंबेहळद
लेपाचं नंतर म्हणालात, ते राहिलं.

कारेलीबाग फिजिओ
राहिलं खरं. कातडी फुटलेली नसेल, लेप गरम नसेल आणि कोणी दाबून चोळत नसेल तर लावा. गार लेपाने बरं वाटतं आणि तो लावल्यावर माणूस हात गप्प ठेवतो, हा मोठाच फायदा. फक्त लेप लावलाय म्हणून फोटो टाळू नका.

बर्फाबद्दलही सांगते. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा, दुखणं कमी करायला. थेट कातडीवर नाही, जळते. विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकेच्या डॉ. गेब मिर्किन यांनी मांडलं. पुढे त्यांनीच लिहिलं की जास्त बर्फाने भरून येण्याची क्रिया मंदावू शकते. सूज येणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. म्हणून दुखत असेल तेवढ्यापुरता बर्फ, हौस म्हणून नको. शेक सूज असेपर्यंत नाही. आखडलेपण उरलं की व्यायामाआधी कोमट पाण्यात हात बुडवा.

आणि एक, जे कोणीच सांगत नाही. पडल्याबरोबर अंगठ्या आणि बांगड्या काढा. तासाभरात बोटं सुजतात आणि मग अंगठी कापावी लागते. संक्रांतीच्या नव्या बांगड्या भरलेल्या असतात, बायका काढायला तयार होत नाहीत.

अलकापुरी ६८
माझ्या वयाच्या बायकांनी हे वाचावं. मी न्हाणीघरात अशीच हातावर पडले होते. मुरगळला म्हणून बांधून ठेवला, निघाला मोडलेला. आमच्या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, नुसत्या उभ्याउभ्या पडण्याने मनगट मोडतं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितली. तो सल्ला मनगटाच्या उपचारापेक्षा मोलाचा होता.

रावपुऱ्याची
मंडळी, सगळ्यांना कळवायचं राहिलं. हळदीकुंकू झालं, ताटं नवऱ्याने फिरवली, बायकांनी त्यालाच वाण दिलं.

फोटो पुन्हा काढला, स्वच्छ आला. खळगा दुखतच होता म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. हाड शाबूत. आतून मुका मार आहे आणि अंगठ्याकडच्या लिगामेंटला ताण, अर्धवट. पूर्ण तुटलेलं नाही. अंगठ्यासह पट्टा दिला होता, आता म्हणतात तो हळूहळू सोडा आणि व्यायाम करा. छापील कागद दिलाय, त्यावर पाच चित्रं. चित्रातल्या बाईचं मनगट रबराचं दिसतं. फिजिओताई, जमेल तसं समजावाल का? पोळ्या कधी, फळा कधी, स्कूटी कधी?

कारेलीबाग फिजिओ
छान बातमी. थोडं सविस्तर लिहिते, कारण घोळ इथेच होतो. लोक पट्टा महिनोन्‌महिने ठेवतात आणि मनगट आखडवून घेतात, नाहीतर दुखणं थांबलं त्या दिवशी गॅसचा सिलिंडर उचलतात.

अर्धवट ताणलेला लिगामेंट भरून यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. पण भरून आलेला धागा सुरुवातीला कच्चा असतो. त्याच्यावर थोडा थोडा भार पडत गेला तरच तो ओढीच्या दिशेने घट्ट विणला जातो. नुसती विश्रांती दिली तर अस्ताव्यस्त राहतो.

आधी पट्टा काढून हालचाल. कोपर टेबलावर टेकवून मनगट वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, मग तळहात आकाशाकडे, जमिनीकडे. वजन काही नाही. दिवसातून तीन-चार वेळा, चहा उकळेपर्यंत. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, त्यांना पट्ट्यातही सुट्टी नाही. पट्टा फक्त बाहेर जाताना आणि जड कामाला.

हालचाल डाव्या हाताच्या जवळपास आली की ताकद. पहिल्यांदा मनगट न हलवता. तळहात टेबलाच्या खालच्या बाजूला लावून वर दाबा, पाच-सात सेकंद धरा, सोडा. मग वरून खाली. नंतर अर्धा किलो डाळीची पिशवी मुठीत धरून वर-खाली. वर नेताना डाव्या हाताने मदत केली तरी चालेल, खाली आणताना मात्र उजव्यानेच आणि सावकाश. पुढे घरातली हातोडी दांड्याला धरून तळहात वर-खाली फिरवा. दांडा हातोडीच्या डोक्यापासून जितका लांब धराल तितका भार जास्त, म्हणून आधी डोक्याजवळून धरा. पाच बोटांभोवती रबरबँड घालून पंजा उघडायचा, हाही चांगला. मुठीत चेंडू दाबत बसण्याचं खूळ मला आवडत नाही, दाबणारे स्नायू आधीच दणकट असतात.

किती करायचं याचं माप तुमच्याच हातात आहे. करताना थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. कालच्यापेक्षा जास्त दुखत किंवा आखडलेलं असेल तर भार कमी करा, बंद नाही. तसंच असेल तर चालू ठेवा. दोन-चार दिवस सलग बरं असेल तर वाढवा.

पोळ्या लाटणं लवकर जमेल, मळणं उशिरा, कारण मळताना मनगट मागे वाकवून अंगाचं वजन टाकतो. कणीक सैल भिजवा, मुठीने मळा. फळ्यावर खांद्याच्या उंचीलाच लिहा, मोठ्या अक्षरात. सूर्यनमस्कार, दंड सगळ्यात शेवटी. आधी भिंतीला टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर, आणि तेही मुठीवर.

मधेच मनगटात खटका बसून कळ येत असेल, पकड सुटत असेल तर परत डॉक्टरांकडे. स्कॅफॉइड आणि शेजारच्या हाडामधला लिगामेंट पूर्ण तुटलेला असला तर दोघांत फट पडते, तो प्रश्न व्यायामाने सुटत नाही. तुमच्या एमआरआयमध्ये ते नाही, तरी माहीत असू द्या.

फिरकीबहाद्दर
कणीक सैल भिजवा म्हणजे पोळ्या नवऱ्याने लाटायच्या असं समजायचं का?

रावपुऱ्याची
नवरा भाकरीपर्यंत पोचलाय. नकाशे बरे येतात.

तबल्याचा विद्यार्थी
परफॉर्मिंग आर्ट्सला शिकतो. डाव्या मनगटाच्या करंगळीच्या बाजूला दुखतं, बायाँवर (डग्ग्यावर) तळहात घासून मींड काढताना. किल्ली फिरवतानाही. गुरुजी म्हणतात रियाझ थांबवायचा नाही. थांबवू का?

कारेलीबाग फिजिओ
खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून, जोर देऊन उठा. त्याच जागी दुखलं तर करंगळीकडच्या कूर्चेच्या चकतीला इजा असू शकते, दाखवून घ्या. रियाझ पूर्ण थांबवू नका, पण डाव्या मनगटावर भार देऊन घासायचे बोल सध्या गाळा. दाएँ चालू ठेवा, तोंडाने बोल म्हणा. गुरुजींना सांगा, पढंत हाही रियाझच. बैठक कमी वेळाची, जास्त वेळा. आणि बायाँची उंची तपासा, रिंग बदलून पुढे कललेला ठेवला तर मनगट कमी वाकतं.

दांडियाबाजारकर काका
मल्लखांबाच्या पोरांना आमचे वस्ताद आधी महिनाभर नुसती पकड शिकवायचे, उडी नंतर. तुमचं डाळीच्या पिशवीचं ऐकून त्यांची आठवण आली.

रावपुऱ्याची
स्कूटीचं राहिलं ताई. सिटी बसने शाळेला जाऊन कंटाळले.

कारेलीबाग फिजिओ
गाडी स्टँडवर लावा, बंदच ठेवा. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा, सोडा, आणि लगेच उजव्या हाताने पुढचा ब्रेक अचानक, पूर्ण जोर लावून दाबा. असं सात-आठ वेळा, न कळवळता जमलं की काढा. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, सकाळी, मागे कोणी न बसवता. ब्रेक दाबताना हात कचरत असेल तर आणखी आठवडाभर बसच. रावपुऱ्याच्या गर्दीत गाय आडवी आली की विचार करायला वेळ मिळत नाही.